केशरी, पांढरं आणि बाकीचे

सकाळी साडेआठ. रुग्णालयातल्या सरकारी आरोग्य विमा योजनेच्या टेबलामागे बसले की पहिलं काम संगणक सुरू करणं, दुसरं म्हणजे ‘डॉक्टर कधी येणार?’ या प्रश्नाला उत्तर देणं. ते माझं काम नाही, पण आरोग्यमित्र हा शब्द पाठीवर लिहिलाय ना!

सव्वानऊ. लांज्याहून पहिल्या एसटीने आलेलं जोडपं. बाईंना मूतखडा, ऑपरेशन ठरलेलं. रेशनकार्ड केशरी, आधार आहे, पण कार्डावर बाईंचं नावच नाही. लग्नानंतर माहेरच्या कार्डातून कमी केलं, सासरच्या कार्डात चढवलंच नाही. “नाव कमी केल्याचा दाखला कुठाय?” “घरी, कपाटात.” म्हणजे दाखला आणायचा, तहसीलच्या पुरवठा शाखेत जायचं, नाव ऑनलाइन दिसलं की परत इथे. कळा मात्र रांगेत उभ्या राहत नाहीत. कागदोपत्री हे कुटुंब विमा असलेलं. बाई कुठल्या रकान्यात घालायची?

अकरा. बँकेतून निवृत्त झालेले काका शेजारच्या बाकावर पेपर वाचतात आणि माझ्याशी वाद घालतात. “१ जुलै २०२४ पासून पांढऱ्या कार्डवालेसुद्धा योजनेत. कुटुंबाला वर्षाला पाच लाख. मग विमा नाही असा उरला कोण? उगाच ओरड!”

मी म्हटलं, काका, मोजतात कसं ते बघा. राष्ट्रीय नमुना पाहणीची ७५वी फेरी, २०१७-१८ची, माणसं मोजते: देशाच्या ग्रामीण भागात जेमतेम १४ टक्क्यांना संरक्षण. २०१९-२१ची कुटुंब आरोग्य पाहणी घरं मोजते: देशभरात ४१ टक्के. पण घरातल्या एकाला विमा असला तरी ते घर त्यात जमा. सकाळच्या बाईंचं घर जमा झालं असतं.

“दोन्ही आकडे जुने,” काका म्हणाले. ते खरंच आहे. त्यानंतर आकडा बराच वर गेला असणार. नीती आयोगाने २०२१मध्ये मधल्या, ना गरीब ना पगारदार अशा सुमारे ४० कोटींना काहीच संरक्षण नसल्याचं म्हटलं होतं. आपल्याकडे त्यातले पुष्कळ आता पात्र झालेत. पण पात्र होणं आणि खाटेवर मोफत उपचार मिळणं यांमध्ये माझं टेबल आहे, आणि ते फार लहान आहे.

काकांना स्वतःला सत्तरीच्या पुढचे म्हणून आयुष्मान कार्ड मिळतं, पेन्शन कितीही असो. काढलेलं नाही. “मला काय गरज?”

दोन. मिरकरवाडा बंदरावरून नेपाळी खलाशी आणला, हात विंचमध्ये सापडलेला. कार्ड नाही, अधिवासाचा दाखला मिळायचा प्रश्न नाही. आंब्याच्या बागा राखणारेही असेच. रत्नागिरीचा हंगाम त्यांच्या अंगावर चालतो आणि कुठल्याही टक्केवारीत ते नाहीत. खर्च बोटमालक देतोय. दुसरा मालक देईलच असं नाही.

चार. साखर-बीपीच्या गोळ्यांची चिठ्ठी घेऊन आजी. “ताई, ह्या कार्डावर औषधं भेटतील?” नाही आजी, दाखल व्हावं लागतं. खासगी दुकानातली महिन्याची औषधं घरच्याच पैशांनी. आजी विमाधारक आहेत, शंभर टक्के.

साडेपाच. अहवाल भरते. नोंदणी किती, मंजुरी किती, नामंजूर किती. परत पाठवलेल्यांसाठी रकाना नाही. लांज्याच्या बाईंच्या नवऱ्याचा फोन: दाखला सापडला, पण त्यावर नाव माहेरचं आणि आधारवर सासरचं. उद्या दोन्ही घेऊन या म्हटलं, आणि लग्नाचा दाखलाही.