चाकांवरचे घर आणि मेळघाट : बुलढाणा जिल्ह्यातून करावयाच्या ट्रेलर-मुक्कामी वनपर्यटनाचे नियोजन

प्रस्तावना

घर सोबत घेऊन प्रवास करण्याची कल्पना वऱ्हाडास नवीन नाही. अमरावती जिल्ह्यात, परतवाडा–बैतूल मार्गावर, सातपुड्याच्या पायथ्याशी बहिरमची यात्रा भरते. डिसेंबरच्या उत्तरार्धात सुरू होणारी ही यात्रा महिनाभराहून अधिक काळ चालते. पूर्वी तेथे कुटुंबेच्या कुटुंबे बैलगाड्यांतून जात, राहुट्या ठोकत आणि गोवऱ्यांच्या आरावर रोडगे भाजून मुक्काम करीत. धान्य, भांडी, अंथरूण-पांघरूण व बैलांची वैरण हे सारे गाडीतच असे. मोटारीमागे जोडून नेता येणारे निवासी ट्रेलर हे त्याच गरजेचे आधुनिक रूप होय.

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कारवान पर्यटनाचे स्वतंत्र धोरण स्वीकारले. त्यामुळे निवासी वाहने आणि त्यांच्यासाठी पाणी, वीज व स्वच्छतागृहे असलेले तळ हा विषय राज्याच्या पर्यटनविचारात आला. तथापि धोरणाने वाहनास मान्यता मिळते. प्रवासाची आखणी मात्र त्या त्या प्रदेशाची जमीन, पाणी व वन पाहूनच करावी लागते. प्रस्तुत लेखात बुलढाणा येथून मेळघाटातील गुगामल राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात ट्रेलरसह जावयाचे झाल्यास कोणत्या गोष्टींचा विचार आवश्यक ठरतो, याचे विवेचन केले आहे. अशा सहलीत वाहन कोणते घ्यावे यापेक्षा ते कोठे थांबवावे हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

प्रदेशाचे स्वरूप

वऱ्हाडाची पारंपरिक विभागणी बालाघाट, पयनघाट व मेळघाट अशी केली जाते. दक्षिणेकडील अजिंठा डोंगररांगेचा उंच प्रदेश म्हणजे बालाघाट, मधले पूर्णा नदीचे सपाट खोरे म्हणजे पयनघाट आणि उत्तरेकडील सातपुड्याचा डोंगराळ भाग म्हणजे मेळघाट. बुलढाणा शहर बालाघाटाच्या कडेवर, समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचीवर आहे. म्हणजे मेळघाटास जाणाऱ्या प्रवाशाला प्रथम घाट उतरावा लागतो, नंतर तीनशे मीटरच्या आतबाहेर उंचीचे खोरे ओलांडावे लागते आणि शेवटी पुन्हा चढावे लागते. चिखलदऱ्याची उंची १,११८ मीटर असून गाविलगड रांगेतील वैराट हे शिखर १,१७८ मीटर उंच आहे.

बुलढाणा–खामगाव–अकोला–अकोट–अंजनगाव सुर्जी–परतवाडा–चिखलदरा हा मार्ग सुमारे सव्वादोनशे किलोमीटरचा आहे. नकाशावर हे अंतर अर्ध्या दिवसाचे वाटते. ट्रेलर जोडलेल्या वाहनाने मात्र ते एका दिवसात संपविण्याचा आग्रह धरू नये. पहिल्या दिवशी परतवाड्यापर्यंत पोहोचून पायथ्याशी मुक्काम करावा व दुसऱ्या दिवशी सकाळच्या उजेडात घाट चढावा, ही विभागणी सुरक्षित ठरते.

बुलढाण्याहून बोथामार्गे खामगावला जाणारा रस्ता ज्ञानगंगा अभयारण्यातूनच जातो. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर येथून निघालेला, रेडिओ कॉलर लावलेला एक वाघ हजाराहून अधिक किलोमीटरची वाटचाल करून २०१९ च्या अखेरीस याच ज्ञानगंगेत पोहोचला होता. शेत, रस्ता व वन यांच्यामधून वन्यप्राण्यांच्या वाटा जातात, याची ही ठळक साक्ष आहे. म्हणून वनप्रवासाचे नियम मेळघाटाच्या फाटकाशी नव्हे, तर बुलढाण्याच्या वेशीपाशीच सुरू होतात. अशा रस्त्यांवर रात्री वाहन नेऊ नये, वाटेत थांबून भोजन करू नये आणि वाहतुकीवर निर्बंध आहेत काय, याची वनविभागाकडे आधी चौकशी करावी.

भार आणि घाट

बैलगाडी भरताना मागील बाजूस ओझे अधिक झाले, तर गाडी उलाळ होते आणि जू वर उचलले जाते. पुढे अधिक झाले, तर सारा भार बैलांच्या मानेवर येतो. ट्रेलरचे शास्त्र याहून वेगळे नाही. ट्रेलरच्या एकूण भाराचा सुमारे १० ते १५ टक्के भाग जोडणीच्या हुकावर यावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. उदाहरणार्थ, रिकाम्या ट्रेलरचे वजन ७०० किलोग्रॅम, सामान १०० किलोग्रॅम, पाणी ८० किलोग्रॅम आणि बॅटरी, गॅस व इतर साधने ७० किलोग्रॅम धरल्यास एकूण भार ९५० किलोग्रॅम होतो. हुकावरील भार अशा वेळी ९५ ते १४२ किलोग्रॅमच्या दरम्यान असावा. तो फार कमी झाल्यास ट्रेलर मागच्या मागे हेलकावे घेऊ लागतो. फार वाढल्यास ओढणाऱ्या वाहनाची पुढची चाके हलकी होऊन त्याचे वळणे अनिश्चित होते. त्यामुळे जड वस्तू तळाशी व ट्रेलरच्या आसाजवळ ठेवाव्यात.

ओढणाऱ्या वाहनाची क्षमता उत्पादकाने दिलेल्या माहितीपुस्तिकेत पाहावी. अंदाजावर विसंबू नये. ट्रेलरची नोंदणी, विमा, मागील दिवे व चालकाचा परवाना यांची खातरजमा परिवहन कार्यालयाकडून निघण्यापूर्वीच करून घ्यावी.

घाटात चढण्यापेक्षा उतरणे कठीण असते. उतारावर सतत ब्रेक दाबून ठेवल्यास ते तापतात व त्यांची पकड घटते. म्हणून उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा आणि वेग इंजिनाच्या साहाय्याने आवरावा. ट्रेलर हेलकावे घेऊ लागल्यास जोरात ब्रेक न लावता व चक्र झटक्याने न फिरवता वेग हळूहळू कमी करावा. वळणावर ट्रेलरची चाके मोटारीच्या चाकांपेक्षा आतून जातात, हे ध्यानात ठेवून वळण मोठे घ्यावे. परतवाडा–चिखलदरा घाटात समोरून बस आल्यास मागे सरकण्याची वेळ येऊ शकते. ट्रेलर मागे घेण्याचा सराव घरच्या मैदानावर झालेला नसेल, तर तो घाटात नेऊ नये.

जमीन आणि पाणी

पूर्णा खोऱ्यातील काळी कसदार जमीन कपाशीस उपकारक असली, तरी जड वाहनास नाही. ओलावा मिळताच ही माती फुगते व चिकट होते. एका सरीनंतरही रस्त्याकडेला उतरविलेली चाके रुतून बसतात. म्हणून मुक्कामाची जागा मुरमाड, किंचित उंचावरची आणि पाण्याचा निचरा होणारी असावी. ट्रेलर उभा केल्यावर चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावावेत आणि आधाराच्या पायांखाली फळ्या द्याव्यात.

पाण्याचा प्रश्न अधिक गंभीर आहे. बुलढाणा, अकोला व अमरावती या तीन जिल्ह्यांतील पूर्णा खोऱ्याचा मोठा भाग खारपाणपट्टा म्हणून ओळखला जातो. तेथील भूजल खारे असल्याने असंख्य गावांना पिण्याच्या पाण्यासाठी दुरून येणाऱ्या नळयोजनांवर किंवा टँकरवर अवलंबून राहावे लागते. विहीर दिसली म्हणजे टाकी भरता येईल, हा प्रवाशाचा समज येथे दोन कारणांनी चुकीचा ठरतो : पाणी पिण्यायोग्य असेलच असे नाही आणि जेथे ते गोडे आहे, तेथे त्यावर गावाचा अधिकार आधी आहे.

चार माणसांच्या कुटुंबास दररोज पिण्यासाठी १६ लिटर, स्वयंपाक व भांड्यांसाठी २४ लिटर आणि स्नानादी कामांसाठी माणशी १५ प्रमाणे ६० लिटर, असे एकूण १०० लिटर पाणी लागते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलोग्रॅम वजन. दोन दिवसांचे सर्व पाणी सोबत घेतल्यास घाटात २०० किलोग्रॅमचे अतिरिक्त ओझे ओढावे लागेल. यावर व्यवहार्य उपाय असा की, पिण्याचे व स्वयंपाकाचे दोन दिवसांचे ८० लिटर पाणी घरून भरून घ्यावे आणि स्नान व शौचाची सोय जेथे आहे, असेच मुक्कामस्थान निवडावे. म्हणजे पाण्याचा हिशेबच मुक्कामाची जागा ठरवितो.

वीज आणि ऋतू

बारा व्होल्ट व शंभर ॲम्पिअर-तास क्षमतेच्या बॅटरीत १,२०० वॅट-तास ऊर्जा असते. शिसे-आम्ल प्रकारातील बॅटरी टिकवावयाची असल्यास त्यातील निम्मी, म्हणजे ६०० वॅट-तासच वापरावी. पाच वॅटचे दोन दिवे पाच तास, पंचवीस वॅटचा पंखा आठ तास आणि चार भ्रमणध्वनी यांना मिळून दिवसाला सुमारे ३१० वॅट-तास लागतात. अर्थात जपून वापरल्यास दोन रात्री निभावतात. याउलट एक हजार वॅटचे वातानुकूलन यंत्र तेवढी ऊर्जा अवघ्या ३६ मिनिटांत संपवील. जनित्राचा आवाज वनाच्या कडेला सर्वथा वर्ज्य मानला पाहिजे.

त्यामुळे ऋतूची निवड आपोआप होते. वऱ्हाडाच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या ट्रेलरमध्ये दुपार काढणे अशक्यप्राय असते. पावसाळ्यात काळी माती, धुके व दरडी यांमुळे ट्रेलर नेणे अयोग्य असून व्याघ्रप्रकल्पाच्या गाभ्यातील पर्यटनही या काळात बंद ठेवले जाते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच योग्य काळ होय. उंचीनुसार दर हजार मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी घटते. अकोल्याहून आठशेहून अधिक मीटर उंच असलेल्या चिखलदऱ्यात म्हणून पाच अंशांचा फरक सहज पडतो. थंडीमुळे दारे-खिडक्या बंद करून आत शेगडी किंवा गॅस पेटवून झोपण्याचा मोह होतो. तो प्राणघातक ठरू शकतो, कारण बंदिस्त जागेत साचणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूस गंध नसतो. ऊब पांघरुणातून मिळवावी आणि झडप सदैव उघडी ठेवावी.

वन, कायदा आणि मुक्काम

मेळघाट व्याघ्रप्रकल्प १९७४ मध्ये स्थापन झाला. त्याचे एकूण क्षेत्र सुमारे २,७६८ चौरस किलोमीटर असून त्यापैकी सुमारे १,५०० चौरस किलोमीटर गाभा क्षेत्र आहे. ३६१ चौरस किलोमीटरचे गुगामल राष्ट्रीय उद्यान या गाभ्यात येते. बुलढाणा जिल्ह्याच्या संग्रामपूर तालुक्यातील अंबाबरवा अभयारण्यही याच प्रकल्पाचा भाग आहे.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २७ व २८ नुसार अभयारण्यात परवानगीवाचून प्रवेश करता येत नाही. कलम ३० अन्वये अभयारण्यास धोका पोहोचेल अशा रीतीने आग पेटविणे वा पेटती ठेवणे निषिद्ध आहे, तर कलम ३१ शस्त्रांसह प्रवेशास आळा घालते. या तरतुदी कलम ३५ द्वारे राष्ट्रीय उद्यानासही लागू होतात. म्हणून स्वतःचा ट्रेलर गाभ्यात नेऊन नदीकाठी मुक्काम करण्याची कल्पना सुरुवातीलाच सोडून द्यावी. सेमाडोह व कोलकास येथे राहावयाचे असल्यास वनविभागाच्या निवासव्यवस्थेचे आरक्षण करावे. ट्रेलर परतवाडा किंवा चिखलदरा येथे, जागामालकाच्या वा निवासस्थानाच्या व्यवस्थापनाच्या पूर्वपरवानगीने उभा करावा आणि वनभ्रमण परवानगी असलेल्या वाहनातून, मार्गदर्शकासह करावे.

काहींना हे बंधन जाचक वाटेल. परंतु त्यामागील एक वस्तुस्थिती दृष्टीआड करता येत नाही. बोरी, कोहा, कुंड यांसारखी मेळघाटातील गावे वाघासाठी गाभ्याबाहेर, अकोट तालुक्यात स्थलांतरित झाली. कोरकू व इतर वननिवासी कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्यांची घरे, शेते व देवस्थाने मागे ठेवली. ज्यांची घरे त्या भूमीत रुजलेली होती, त्यांनी ती उचलली; अशा ठिकाणी दोन रात्रींच्या पाहुण्याने आपले चाकांवरचे घर आत नेण्याचा हट्ट धरणे न्याय्य ठरत नाही.

हाच न्याय कचऱ्यासही लागू आहे. उरलेले अन्न उघड्यावर टाकल्यास माकडे, रानडुकरे व अस्वले वस्तीकडे ओढली जातात आणि त्याची किंमत पाहुणा गेल्यावर गावकऱ्यांना मोजावी लागते. सर्व कचरा झाकणबंद डब्यात परत आणावा. भांड्यांचे साबणपाणी ओढ्यात सोडू नये. मेळघाटातील सिपना, गडगा, खापरा, खंडू व डोलार या नद्यांच्या काठी वस्त्या आहेत आणि हिवाळ्यानंतर त्यांचे डोह हाच वन्यप्राण्यांचा आधार असतो. ट्रेलरमधील शौचटाकी केवळ अधिकृत स्वच्छतागृहातच रिकामी करावी.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली, बुलढाणा–मेळघाट प्रवासात एक उतार, एक खोरे व एक चढ असल्याने तो दोन टप्प्यांत विभागणे इष्ट आहे. दुसरी, पाणी, भार, वीज व ऋतू हे चार स्वतंत्र प्रश्न नसून एकाचे उत्तर दुसऱ्यास बांधते; हलका ट्रेलर, हिवाळा आणि सोयीयुक्त मुक्काम ही त्यांची सामाईक फलश्रुती होय. तिसरी, राष्ट्रीय उद्यानात ट्रेलर नेता येत नाही आणि नेऊही नये. त्याचे स्थान पायथ्याशी किंवा डोंगरावरील वस्तीत आहे.

बहिरमच्या यात्रेकरूची गाडी देवळाच्या गाभाऱ्यात कधी गेली नाही. ती बाहेरच्या मैदानात सोडली जाई आणि दर्शनास माणूस पायी जाई. मेळघाटास जाणाऱ्या ट्रेलरधारक प्रवाशाने हाच शिरस्ता पाळला, तर कारवान पर्यटन या प्रदेशास भार न होता उपकारक ठरू शकेल.