परीक्षानळीतला न्याय

रुग्णशय्येवर पडलेल्या माणसाला, आपल्या शिरेत औषध सोडणाऱ्या परिचारिकेचे नावही बहुधा ठाऊक नसते. तिने मात्रा बरोबर मोजली की नाही, हे पाहण्याचे त्राण त्याच्या अंगी नसते. त्याच्यापाशी असतो तो केवळ विश्वास. त्यामुळे कामावर असताना परिचारिकेचे चित्त ठिकाणावर असले पाहिजे, याविषयी दुमत संभवत नाही. वाद आहे तो पुढच्या पायरीवर. चित्त ठिकाणावर आहे हे ठरवायचे कशाने? अमेरिकेतील रुग्णालये गेली कित्येक वर्षे याचे उत्तर लघवीच्या बाटलीत शोधीत आहेत. आणि गांजाच्या बाबतीत ते उत्तर तेथे सापडत नाही.

या प्रथेची पूर्वपीठिका थोडक्यात पाहू. १९७० च्या केंद्रीय कायद्याने गांजाला हेरॉइनच्याच यादीत बसविले. १९८६ साली अध्यक्ष रेगन यांनी केंद्र सरकारची कार्यालये अमली पदार्थांपासून मुक्त करण्याचा आदेश काढला. १९८७ च्या जानेवारीत मेरीलँड राज्यात रेल्वेचा भीषण अपघात होऊन सोळा जण मृत्युमुखी पडले. इंजिनचालकाने गांजा ओढला होता असे तपासात आढळले. लोकमत प्रक्षुब्ध झाले. १९८८ च्या कायद्याने सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थांवर निर्व्यसनी कार्यस्थळाची जबाबदारी टाकली. त्या कायद्याने चाचणीची सक्ती केली नव्हती. परंतु खाजगी मालकांनी चाचणी आपण होऊन उचलली आणि ती नोकरीच्या दारावरची नित्याची तपासणी होऊन बसली.

मग काळ पालटला. १९९६ साली कॅलिफोर्नियाने औषध म्हणून गांजाच्या वापरास मुभा दिली. २०१२ साली कोलोरॅडो व वॉशिंग्टन या राज्यांच्या मतदारांनी प्रौढांना तो निव्वळ करमणुकीसाठीही मोकळा केला. इतर अनेक राज्ये त्याच वाटेने गेली. परिणामी चमत्कारिक अवस्था निर्माण झाली. जो पदार्थ नागरिकाने परवानाधारक दुकानातून पावती घेऊन विकत आणावा, त्याच्याच अंशापायी त्याची नोकरी जावी! न्यायालयांनीही आरंभी मालकांचीच बाजू उचलून धरली. २००८ साली कॅलिफोर्नियाच्या आणि २०१५ साली कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयाने, वैद्यकीय कारणासाठी गांजा घेणाऱ्या नोकरांची बडतर्फी वैध ठरविली. कोलोरॅडोतील तो नोकर तर हातापायांनी पंगू झालेला, दूरध्वनीवर ग्राहकांशी बोलणारा माणूस होता. पुढे वारे थोडे फिरले. कनेक्टिकटमधील एका शुश्रूषागृहाने, चाचणीत गांजा आढळला म्हणून एका स्त्रीची ठरलेली नेमणूक रद्द केली होती. तिला संरक्षण देणारा राज्याचा कायदा केंद्रीय कायद्यामुळे निष्प्रभ होत नाही, असा निर्णय तेथील केंद्रीय न्यायालयाने २०१७ साली दिला.

मूळ घोटाळा आहे तो शरीरशास्त्राचा. मद्य रक्तातून काही तासांत निघून जाते, आणि श्वासावरून त्याचे प्रमाण कळते. गांजातील मादक द्रव्य चरबीत मुरते. त्याची नशा काही तासांत उतरते. पण शरीराने त्याचे रूपांतर करून टाकलेला निरुपद्रवी अवशेष लघवीतून कित्येक दिवस, आणि नित्य सेवन करणाऱ्याच्या बाबतीत कित्येक आठवडे, झिरपत राहतो. चाचणी शोधते ती हा अवशेष. म्हणजे रविवारी पुरणपोळी जेवलेला माणूस बुधवारी कचेरीत सुस्तावलेलाच असणार, असे मानण्यापैकी हा प्रकार झाला. महाशिवरात्रीला घोटभर भांग घेतलेला आपल्याकडचा एखादा सोवळा गृहस्थही या बाटलीपुढे गुन्हेगार ठरेल. आपल्या १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने भांगेची पाने गांजाच्या व्याख्येतून वगळली आहेत. बाटलीला मात्र असला विवेक नसतो.

रुग्णालयचालकांची बाजू पोकळ आहे, असे मात्र कोणी समजू नये. गांजाने लक्ष विचलित होते, अल्पकालीन स्मृती मंदावते, प्रतिक्रियेला विलंब लागतो. अतिदक्षता विभागात एका दशांशचिन्हाच्या चुकीने माणूस दगावतो. कारकुनाची बेरीज चुकली तर ती उद्या सुधारता येते. परिचारिकेच्या चुकीला अनेकदा उद्या नसतो. शिवाय गांजाच्या बाबतीत, मद्याप्रमाणे, रक्तातील अमुक प्रमाण म्हणजे अमुक नशा, असे खात्रीचे गणित अद्याप बसलेले नाही. हाती बरे साधन नसताना आहे ते टाकून कसे द्यावे, असा त्यांचा सवाल आहे. नेव्हाडा राज्याने २०२० पासून केवळ गांजाच्या चाचणीवरून नोकरी नाकारण्यास बंदी केली; पण ज्या कामात इतरांच्या जिवाला धोका संभवतो, ती कामे त्यातून वगळली. ही सावधगिरी अनाठायी म्हणता येणार नाही.

पण जिवाच्या धोक्याचीच गोष्ट काढायची, तर ती पुरती काढावी. २००४ साली अमेरिकेतील परिचारिकांच्या एका अभ्यासात असे दिसून आले, की साडेबारा तास वा अधिक लांबलेल्या पाळीत चुकीचा संभव सुमारे तिपटीने वाढतो. ही थकावट कोणत्या बाटलीत मोजली जाते? ती मोजायची तर जादा माणसे नेमावी लागतील, पैसे खर्चावे लागतील. परिचारिकेची लघवी तपासणे त्या मानाने स्वस्त आहे. दुसरे उदाहरण अधिक भयंकर आहे. न्यू हॅम्पशायर राज्यातील एका रुग्णालयात एक तंत्रज्ञ रुग्णांसाठी भरलेल्या फेंटॅनिलच्या सुया चोरून स्वतःला टोची आणि त्याच दूषित सुया परत ठेवी. २०१२ साली हे उघडकीस आले, तोवर तीसहून अधिक रुग्णांना यकृतदाहाचा संसर्ग झाला होता. त्याला एकोणचाळीस वर्षांची शिक्षा झाली. याआधी इतर रुग्णालयांनी त्याला संशयावरून काढले होते. पण पुढच्या मालकापर्यंत ती खबर पोहोचली नाही. केंद्र सरकारच्या चाचण्यांत गांजा पहिल्यापासून आहे; फेंटॅनिलचा समावेश मात्र २०२५ साली झाला. जे सापडायला सोपे ते शोधायचे आणि जे घातक ते निसटू द्यायचे, याला सुरक्षितता म्हणत नाहीत.

मग करावे काय? कामावर नशेत येणाऱ्या परिचारिकेला तत्क्षणी रुग्णापासून दूर केले पाहिजे. तेथे दयामाया नको. परंतु ती नशेत आहे हे तिच्या बोलण्यावरून, चालण्यावरून, औषधांच्या नोंदींतील गोंधळावरून, अनुभवी वरिष्ठांनी पाहून ठरवावे. तिने सुटीच्या दिवशी घरी काय केले त्यावरून नव्हे. कॅलिफोर्नियाने जानेवारी २०२४ पासून अमलात आणलेला कायदा याच दिशेचा आहे. बहुतेक मालकांना आता निरुपद्रवी अवशेषावरून नोकराला शिक्षा करता येत नाही. कामावर नशा करण्याची मोकळीक मात्र कोणालाही नाही. आणि जी खरोखर व्यसनात अडकली असेल, तिला हाकलण्याआधी उपचाराचे दार दाखवावे. तेथील अनेक राज्यांच्या परिचर्या मंडळांनी शिक्षेऐवजी उपचार आणि देखरेख यांची सोय केलेली आहेच. परवाना जाण्याचीच भीती असेल, तर व्यसन दडते. सहकारी गप्प बसतात, आणि त्याची किंमत अखेर उशाला टेकलेला रुग्णच मोजतो.

हा प्रश्न सातासमुद्रापलीकडचा म्हणून आपण सोडून देऊ नये. नोकराची परीक्षा घेण्याचे सोपे यंत्र हाती आले, की मालक स्वतःची परीक्षा टाळू लागतो, हा मनुष्यस्वभाव सर्वत्र सारखाच. परिचारिकेच्या शुद्धीविषयी प्रश्न विचारण्याचा अधिकार रुग्णाला अवश्य आहे. पण ती किती तास उभी आहे आणि किती खाटा एकटी सांभाळते आहे, हा प्रश्नही त्याने त्याच दमात विचारावा. त्याचे उत्तर तिने नव्हे, रुग्णालयाने द्यायचे आहे.