पाऊस हटला तेव्हा: सातारा-सांगलीचा दुष्काळी पट्टा

महाबळेश्वरला वर्षाकाठी सुमारे सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. पूर्वेला शंभरेक किलोमीटरवरच्या दहिवडीला पाचशेच्या आसपास. माण, खटाव, खानापूर, आटपाडी, जत हा पट्टा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. इथे पाऊस थोडा हटला तर हंगाम जातो. सलग काही वर्षे हटला, तर गावेच उठतात.

चौदाव्या शतकाच्या अखेरीस तसे घडले. १३९६ पासून १२ वर्षे चाललेला दुर्गादेवीचा दुष्काळ परंपरेने लक्षात ठेवला आहे. बाराचा आकडा जरा ठोकळ वाटतो. पण छत्तीसगडमधील दंडक गुहेतल्या चुनखडीच्या थरांवरूनही त्या सुमाराच्या शतकांत मोसमी पाऊस वारंवार दुबळा पडल्याचे दिसते. मुलूख ओस पडला, डोंगरी किल्ले पाळेगारांच्या हाती गेले. १४२९ मध्ये बहमनी सरदार मलिक-उत्-तुजार खटाव, महादेवाचे डोंगर आणि वाई या बाजूंनी फौज घेऊन फिरला. गावे पुन्हा वसवण्याचे काम दादो नरसो काळे आणि दरबारातील एका तुर्की खोजाकडे आले. जुन्या शिवा सापडेनात, म्हणून दोन-तीन गावांचे एक गाव झाले. पहिल्या वर्षी सारा माफ. दुसऱ्या वर्षी बिघ्यामागे घोड्याचा एक तोबरा धान्य. दुष्काळ सरून वीस वर्षे झाल्यावरही कसणारे मिळवण्यासाठी सत्तेला इतके नमते घ्यावे लागले, यावरून हानीची कल्पना येते.

या भागातील धनगरांनी अनिश्चित पावसाशी जुळवून घेतले ते फिरतीने. मेंढरे घेऊन ते दर वर्षी चाऱ्याच्या मुलखात जातात, तिथल्या शेतात मेंढ्या बसवतात आणि खताच्या मोबदल्यात धान्य घेतात. शेतकऱ्याला दुष्काळातच गाव सोडावे लागते. धनगराची वाट आधीच आखलेली असते.

१८७६ ते १८७८ च्या दुष्काळात इंग्रज सरकारने दुष्काळी कामे काढली. माण नदीवरचा राजेवाडीचा तलाव ही त्यांचीच खूण. मात्र मजुरी इतकी कापली गेली की मुंबई इलाख्यात मजुरांनी कामे सोडून संप केले. काम हा हक्क मानण्याची कल्पना पुढे याच परिसरातून आली. तासगाव तालुक्यातील विसापूरचे वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते. त्यांच्या रोजगार हमीचा प्रयोग आधी तासगाव तालुक्यात झाला. १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर उपयोगी पडली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २००५ चा केंद्रीय कायदाही त्याच वाटेने गेला.

पुढची मागणी पाण्याची होती. १९९३ पासून नागनाथअण्णा नायकवडींच्या पुढाकाराने आटपाडीत पाणी परिषदा भरू लागल्या. दुष्काळी तालुक्यांना समान वाटा मागितला गेला. कराडजवळ टेंभूला कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने उपसून आटपाडी, खानापूरकडे नेणारी योजना १९९६ मध्ये सुरू झाली. पाणी पोहोचले तिथे डाळिंब आणि द्राक्षाच्या बागा वाढल्या. तरी २०१२-१३ मध्ये माणदेशात जनावरांसाठी चारा छावण्या उघडाव्या लागल्याच.