झिजण्यासाठी नटलेली वडी

बोटाएवढी काळी वडी. अंगावर ढगांत वेटोळे घातलेला ड्रॅगन, पाठीवर अक्षरांची ओळ, अक्षरांत सोनं भरलेलं. आणि करायचं काय तिचं? सहाणेवर गंध उगाळावं तशी दगडी पाटीवर चार थेंब पाण्यात उगाळायची. लिहिणाऱ्याची पानं भरत जातात आणि इकडे ड्रॅगन शेपटीकडून संपत जातो.

चीनच्या आन्हुई प्रांतातला हुइचौ हा या शाईच्या वड्यांचा मुलूख. दहाव्या शतकात इथल्या ली तिंगक्वेइची शाई दक्षिण तांग दरबारात नावाजली गेली. माल साधाच: पाइनचं लाकूड किंवा तुंग तेल जाळून धरलेली काजळी आणि जनावरांच्या कातड्याचा सरस. (आपल्या पोथ्यांची शाईही काजळ आणि डिंकाचीच.) उंची वडीत कस्तुरी आणि कापूरही पडतो. लगदा घणाने कुटून साच्यात दाबायचा, मग धीर धरायचा. घाईने वाळवली की वडी तडकते. म्हणून सावलीत महिनोन्महिने उलटीपालटी करत ठेवतात. सोनं आणि रंग सर्वांत शेवटी.

खरं कसब साच्यात आहे. लाकडावर चित्र उलटं आणि खोलगट कोरायचं, म्हणजे वडीवर ते सुलटं आणि उठावदार येतं. हा उठावही काळ्यावर काळा. समोरून काहीच दिसत नाही. वडी उजेडात तिरपी धरली की माशाचे खवले एकेक करून उमटतात.

मिंग काळात या नक्षीपायी हाडवैर जुंपलं. फांग यूलू आधी छंग तायुएच्याच कारखान्यात होता. पुढे त्याने स्वतःचा धंदा थाटला आणि १५८८ मध्ये आपल्या वड्यांच्या नक्षीचा छापील ग्रंथ काढला. छंगनं त्याहून जाडजूड ग्रंथ काढून उत्तर दिलं, आणि त्यात जीव वाचवणाऱ्यालाच खायला निघालेल्या लांडग्याची गोष्टही घातली. रोख कुणावर होता, हे सांगायला नको. गंमत म्हणजे चित्रकार तिंग युन्फंगने दोघांसाठीही रेखाटनं केली होती! छंगच्या ग्रंथात मात्तेओ रिच्ची या इटालियन जेसुइटाने दिलेली ख्रिस्ती चित्रंही आहेत. एकात पाण्यात बुडू लागलेला संत पीटर.

पुढे छिंग काळात लाखेच्या पेट्यांत बसवलेले वड्यांचे संच निघाले, ते नुसते पाहण्यासाठी. देखणे आहेत, वाद नाही. पण त्यांच्या शेजारी एखादी अर्धी उगाळलेली वडी ठेवलेली असली, तर नजर तिच्याकडेच आधी जाते: वरचा सारस शाबूत, खालचं तळं कुणाच्या तरी पत्रांत गेलेलं.