‘ब्रदर्स हाउस’ एका भावाचं की सगळ्या भावांचं? अपॉस्ट्रॉफी कुठे द्यायची, समजून घ्या

‘माय ब्रदर्स हाउस’ हे नुसतं ऐकलं तर घर एका भावाचं आहे की दोघा-तिघांचं, हे कळायला मार्ग नाही. कारण ‘अनेक भाऊ’, ‘भावाचं’ आणि ‘भावांचं’ या तिन्हींसाठी इंग्रजीत उच्चार एकच, ‘ब्रदर्स’. फरक दिसतो तो लिहिताना, अपॉस्ट्रॉफीमुळे.

नुसते अनेक भाऊ म्हणायचे असतील तर ‘ब्रदर’ला फक्त एस लावा. घर एका भावाचं असेल तर आधी अपॉस्ट्रॉफी, मग एस. घर सगळ्या भावांचं मिळून असेल तर आधी एस, मग अपॉस्ट्रॉफी.

मराठीत हेच काम एक टिंब करतं. ‘भावाचा हिस्सा’ आणि ‘भावांचा हिस्सा’ यात फरक तेवढाच. वाटणीच्या कागदावर ते टिंब गाळून पाहा! इंग्रजी कागदावर अपॉस्ट्रॉफी सरकली तरी घोळ तोच.

पण टिंबावर डोळे झाकून विसंबू नका. ‘बाबांचं ऑफिस’ म्हणतो तेव्हा बाबा एकच असतात, टिंब आदराचं असतं. इंग्रजीत आदरार्थी अनेकवचन नाही, त्यामुळे तिथे ‘फादर’, अपॉस्ट्रॉफी, एस. सासूबाईंचंही तसंच, पण त्यांचा शब्द लांबलचक. ‘मदर-इन-लॉ’ची साडी असेल तर अपॉस्ट्रॉफी आणि एस अगदी शेवटी, ‘लॉ’च्या मागे. सासवा दोन असतील तर मात्र एस मध्येच, ‘मदर’ला लागतो: ‘मदर्स-इन-लॉ’.

‘चिल्ड्रन’ हे अनेकवचनच आहे आणि त्याच्या शेवटी एस नाही. म्हणून मुलांची खोली सांगताना आधी अपॉस्ट्रॉफी, मग एस.

दारावरच्या पाटीवर ‘द जोशीज’ लिहिताना अनेक जण हौसेने अपॉस्ट्रॉफी टाकतात. तिथे ती नको, कारण अर्थ फक्त ‘जोशी मंडळी’ एवढाच आहे. फर्नांडिस आडनावाच्या शेवटी आधीच एस असल्याने तिथे ई आणि एस जोडायचे.

आणि ‘मदर्स डे’? अमेरिकेत या दिवसासाठी झटलेल्या अ‍ॅना जार्व्हिस अपॉस्ट्रॉफी एसच्या आधीच हवी, यावर ठाम होत्या. जगातल्या सगळ्या आयांचा नव्हे, प्रत्येक घराने आपल्या एका आईचा मान राखण्याचा हा दिवस, असं त्यांचं म्हणणं. १९१४ साली राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी तो अधिकृतपणे जाहीर केला, तेव्हाही एकवचनच कायम राहिलं.