आंब्याची गोडी कुठे गेली?

आंब्याच्या दिवसांत पुण्यातल्या एखाद्या मायक्रोब्रुअरीच्या फळ्यावर ‘मँगो सावर’ असं खडूनं लिहिलेलं दिसलं, तर आधी लहान ग्लास मागवावा आणि पिण्याची घाई करू नये. रंग फिका पिवळा, थोडा गढूळ. वर पांढरा फेस, तोही पटकन बसणारा. ग्लास नाकाशी नेला की आंब्याच्या पेटीतलं गवत बाजूला सारल्यावर येतो तसा दरवळ येतो. डोळे मिटूनही कुणी सांगेल, हापूस. त्या वासानं जीभ गोडाची तयारी करून बसते. पहिला घोट आत जातो आणि गोड काही येतच नाही. येतो तो स्वच्छ, सरळ आंबटपणा. कानाखाली जबड्याच्या कोपऱ्यात शिरशिरी उठते, तोंडाला पाणी सुटतं, बुडबुडे जिभेला टोचतात. आणि घोट गिळून झाल्यावर, तोंड रिकामं असताना, नाकात हापूस पुन्हा दरवळतो.

या घोटाचं मला पहिल्यांदा जे नवल वाटलं ते अजून ओसरलेलं नाही. पिकलेल्या हापूसच्या रसात विरघळलेले घटक साधारण 16 ते 20 टक्के असतात आणि त्यात बहुतांश साखरच असते. मग एवढी साखर गेली कुठे? आणि पिकल्या हापूसमध्ये आंबटपणा तर नावालाच असतो, मग तो इतका आला कुठून? कैरी घातली असेल, लिंबू पिळलं असेल, असं बहुतेकांना वाटतं. मन लावून केलेल्या आंबट बिअरमध्ये यातलं काहीच नसतं. दोन्ही प्रश्नांची उत्तरं डोळ्यांना न दिसणाऱ्या दोन जिवांपाशी आहेत. एक यीस्ट आणि दुसरे लॅक्टिक आम्ल बनवणारे जिवाणू. या जिवाणूंचं कूळ आपल्या घरचंच आहे. रात्री कोमट दुधात विरजण घातल्यावर सकाळी दही लागलेलं असतं ती करामत त्याच कुळाची, आणि इडलीचं पीठ आंबतं तेही त्याच्याच जोरावर.

बिअरची सुरुवात धान्यापासून होते. बार्लीला मोड आणून ती वाळवली की माल्ट तयार होतं. आंबट बिअरसाठी त्यात गव्हाचं माल्टही सढळ हातानं घालतात. भरडलेलं माल्ट साधारण 65 अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवलं की मोड येताना तयार झालेली विकरं पिठूळ भागाची साखर करतात. चोथा गाळला की खाली उरतो तो गोड काढा. ब्रुअर त्याला वर्ट म्हणतात. नेहमीच्या बिअरसाठी हा काढा हॉप्स नावाची कडू फुलं घालून उकळायचा, थंड करायचा आणि त्यात यीस्ट सोडायचं. आंबट बिअरची वाट इथेच वेगळी होते. काढा उकळतात तो थोडाच वेळ, आधीचे जंतू मरावेत इतपत. मग तो 35 ते 45 अंशांच्या दरम्यान आणून त्यात लॅक्टिक जिवाणूंचं विरजण सोडतात, कार्बन डायऑक्साइड भरून टाकीतली हवा बाहेर काढतात म्हणजे नको ते जंतू माजत नाहीत, आणि झाकण लावून थांबतात. एक रात्र, फार तर दोन.

हॉप्स मात्र या घडीला कटाक्षानं बाहेर ठेवतात, आणि त्यामागचं कारण फार सुंदर आहे. हॉप्सच्या फुलांतली कडू आम्लं लॅक्टिक जिवाणूंच्या पेशीच्या पडद्यातून आत शिरतात आणि आतल्या प्रोटॉनचा तोल बिघडवतात. जिवाणूला अन्न आत ओढणंच जमेनासं होतं. यीस्टला याचा फारसा त्रास होत नाही. युरोपात शेकडो वर्षं हॉप्सची बिअर लवकर आंबली नाही ती यामुळे. म्हणजे आपण ज्या कडूपणाला बिअरची चव म्हणतो तो मुळात बिअरचा पहारेकरी आहे, आणि आंबट बिअर करणाऱ्याला सगळ्यात आधी त्या पहारेकऱ्यालाच रजा द्यावी लागते.

हे धाडस केवढं आहे ते इतिहास पाहिल्यावर कळतं. फ्रान्समधल्या लील शहरात बीटापासून अल्कोहोल बनवणाऱ्या एका कारखानदाराची पिंपं आंबून खराब होत होती. 1856 मध्ये तो तिथल्या विद्यापीठातल्या लुई पाश्चरकडे गेला. पाश्चरनं सूक्ष्मदर्शकाखाली नमुने पाहिले. चांगल्या पिंपात यीस्टच्या गोल पेशी होत्या, तर बिघडलेल्या पिंपात त्यांच्याहून कितीतरी लहान, काड्यांसारखे जीव. पुढच्याच वर्षी, 1857 मध्ये, त्यानं लॅक्टिक किण्वनावरचा आपला निबंध मांडला आणि 1876 मध्ये बिअरच्या ‘रोगां’वर आख्खं पुस्तक लिहिलं. तेव्हापासून दारूभट्टीच्या दृष्टीनं या काड्या म्हणजे शत्रू. स्टीलच्या टाक्या, कॉस्टिकनं धुतलेले पाइप, वाफेनं निर्जंतुक केलेले नळ, हा सगळा बंदोबस्त त्यांना दाराबाहेर ठेवण्यासाठी. आणि आज त्याच ब्रुअरीत, त्याच झळझळीत टाकीत, ब्रुअर स्वतःच्या हातानं ते जिवाणू सोडतो.

त्या रात्री टाकीत काय घडतं ते पीएच मोजून दिसतं. सुरुवातीला काढ्याचा पीएच साधारण 5.3 असतो. ब्रुअर नळातून थोडा नमुना काढतो, मीटर बुडवतो, आकडा लिहून ठेवतो. काही तासांनी पुन्हा तेच. आकडा 3.3 च्या आसपास आला की काम झालं. कागदावर हा फरक फक्त दोनचा दिसतो. पण पीएचच्या मापात एक अंक खाली उतरला म्हणजे हायड्रोजन आयनांची संहती दहापट वाढली. दोन अंक म्हणजे शंभरपट! नेहमीच्या बिअरचा पीएच 4.2 ते 4.5 असतो. त्या हिशेबानं या ग्लासात नेहमीच्या बिअरच्या साधारण दहापट आंबटपणा आहे, आणि तो एका फळाचाही रस न घालता नुसत्या धान्याच्या साखरेतून आलेला आहे. मग काढा पुन्हा उकळतात. जिवाणू मरतात, त्यांनी केलेलं आम्ल तेवढं राहतं, आणि शेजारच्या टाक्यांतल्या बाकीच्या बिअरलाही धोका उरत नाही.

जिभेला हे आंबट कळतं कसं, याचं नेमकं उत्तर तर अगदी अलीकडचं आहे. गोड आणि कडू चव ओळखणारे ग्राही या शतकाच्या सुरुवातीलाच सापडले होते. आंबटाचा दरवाजा मात्र शास्त्रज्ञांना बराच काळ सापडत नव्हता. 2018 मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी ओटॉप1 नावाचं प्रथिन दाखवून दिलं. ते प्रोटॉनना पेशीत शिरू देतं. ते काढून टाकलेल्या उंदरांच्या चवीच्या पेशी आम्लाला पुरेसा प्रतिसाद देत नाहीत, हे 2019 मध्ये स्पष्ट झालं. माणूस हजारो वर्षं आंबट खातो आहे, आणि ते कुठून कळतं हे समजून जेमतेम काही वर्षं झाली.

आता गोडीकडे वळू. दुसऱ्या उकळीनंतर काढा थंड करून त्यात यीस्ट सोडतात, आणि त्याचा पहिला जोर ओसरला की हापूसचा गर. आंब्यातली बरीचशी साखर सुक्रोज म्हणजे आपल्या डब्यातलीच साखर. यीस्ट ती अखंड गिळत नाही. त्याच्या पेशीच्या भिंतीतच इन्व्हर्टेज नावाचं विकर असतं. ते सुक्रोजचे दोन तुकडे करतं, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज, आणि ते तुकडे आत ओढले जातात. पुढचा हिशेब शाळेतल्या रसायनशास्त्राचा आहे. 100 ग्रॅम ग्लुकोजचं जास्तीत जास्त 51 ग्रॅम अल्कोहोल आणि 49 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होतो. म्हणजे आंब्याची गोडी जवळपास निम्मी-निम्मी वाटली गेली. एक वाटा ग्लासातल्या अल्कोहोलमध्ये भर घालतो, दुसरा टाकीच्या नळीतून बुडबुड्यांनी हवेत जातो. आठवड्या-दीड आठवड्यात साखर संपते.

पण वास खाणं यीस्टला जमत नाही, किंवा फारसं जमत नाही. हापूसला हापूस करणाऱ्या द्रव्यांवर पुण्यातच, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, बारकाईनं काम झालेलं आहे. हापूसच्या वासात टर्पीन गटातली द्रव्यं भरपूर असतातच, पण फळ पिकताना त्यात लॅक्टोन आणि फ्युरॅनोन ही द्रव्यं तयार होतात आणि हापूसचं वेगळेपण त्यांच्यात आहे. गर उशिरा घालायचं कारण यातच आहे. किण्वनाच्या भरात टाकीतून इतका वायू बाहेर पडतो की त्याच्याबरोबर वासही उडून जातो. शांत झालेल्या टाकीत तो टिकतो. मग घोट गिळताना ही द्रव्यं घशाच्या मागून नाकात चढतात, आणि आपल्याला आंबा ‘लागतो’. आंब्याचा वास आणि आंब्याची गोडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आंबा खाऊन कधीच कळत नाही, कारण दोन्ही एकदमच तोंडात येतात. या ग्लासात त्या वेगळ्या होतात. फळ चाखण्याची अशी संधी दुसरीकडे क्वचितच मिळत असेल.

या घाईच्या पद्धतीच्या उलट, जुनी आणि संथ पद्धत बेल्जियमची आहे. ब्रसेल्सच्या आंडरलेख्त भागात 1900 साली सुरू झालेली कांतियों ही ब्रुअरी अजून तशीच चालते. माळ्यावर तांब्याचं रुंद, उथळ कुंड आहे. थंडीच्या दिवसांत गरम काढा संध्याकाळी त्यात ओततात आणि रात्रभर उघडा ठेवतात. विरजण कुणी घालत नाही. हवेतले आणि त्या जुन्या इमारतीतले जीव आपणहून येऊन बसतात. सकाळी काढा लाकडी पिंपांत भरला की पुढची एक ते तीन वर्षं एकामागून एक जीव पाळी घेतात. आधी आतड्यातल्या जिवाणूंचे भाऊबंद, मग नेहमीचं यीस्ट, मग लॅक्टिक जिवाणू, आणि शेवटी ब्रेटॅनोमायसीस नावाचं चिवट, सावकाश यीस्ट. या यीस्टची ओळख कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग ब्रुअरीतल्या क्लाउसननं 1904 मध्ये जगाला करून दिली. कांतियोंत कोळ्यांची जाळी झाडत नाहीत. पिंपांतल्या फळांवर येणाऱ्या चिलटांचा बंदोबस्त कोळी करतात. आंबट चेरी घातलेल्या तिथल्या बिअरला क्रीक म्हणतात, आणि चेरीच्या बिया पिंपातच राहिल्यानं तिला बदामाचा पुसट वास येतो. फळ आणि आंबट बिअर यांची जोडी आजची नाही, ती तिथली आहे.

अशीच आणखी एक जुनी आंबट बिअर म्हणजे जर्मनीतल्या लायप्झिगची गोझ. तिच्यात धणे आणि मीठ असतं. 1966 मध्ये ती पूर्ण बंद पडली आणि 1986 मध्ये पुन्हा सुरू झाली. मिठानं आंबटपणाची धार सौम्य होते. हे लायप्झिगच्या लोकांना जसं कळलं तसंच कोकणालाही कळलं होतं. कोकम सरबतात मीठ आणि जिरं पडतं ते उगीच नाही. म्हणूनच आपल्याकडचा ब्रुअर मीठ घालून कोकमाची बिअर करतो तेव्हा मला ती परकी वाटत नाही. आंब्याच्या उलट, कोकम स्वतःचं आम्ल आणि रंग घेऊन येतं. त्यातलं अँथोसायनिन आम्लात लाल राहतं. घरी पाहायचं असेल तर कोकमाच्या आगळाच्या पाण्यात चिमूट चिमूट खायचा सोडा टाका. लाल रंग डोळ्यांदेखत जांभळट होत जातो. कोकमाच्या बिअरला तो सुरेख लाल रंग मिळतो त्याचं श्रेय जिवाणूंनी केलेल्या आम्लालाही आहे.

महाराष्ट्रात मायक्रोब्रुअरीची सुरुवात 2009 साली पुण्यात डूलालीनं केली. इतक्या थोड्या वर्षांत इथले ब्रुअर हापूस, कोकम, जांभूळ यांच्यापर्यंत आले, याचा मला मनापासून आनंद आहे. एक आग्रह मात्र आहे. सगळ्याच ठिकाणी जिवाणूंना रात्र दिली जात नाही. काही जण तयार लॅक्टिक आम्ल ओततात आणि वर सिरप घालतात. अशी बिअर आंबट लागते, पण एकाच सुरात, आणि शेवटी जीभ चिकट होते. तेव्हा ग्लास मागवताना दोन गोष्टी जरूर विचारा. आंबटपणा टाकीत आणलाय की बाटलीतून? आणि फळ कधी घातलं? मनापासून काम करणारा ब्रुअर हातातलं काम बाजूला ठेवून सांगेल, जमलं तर टाकीही दाखवेल. ग्लास बर्फासारखा गार असेल तर पाच मिनिटं थांबा, वास मोकळा होऊ द्या. महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची 21 वर्षं पूर्ण हवीत, आणि गाडी घरीच ठेवून जा.