काचबिंदू : निचरा वेळीच मोकळा करा

शेतातला निचरा तुंबला की पिकाची मुळे कुजतात. डोळ्याचेही तसेच आहे. डोळ्याच्या आत सतत पाणी तयार होते आणि बारीक जाळीतून वाहून जाते. ही जाळी तुंबली की दाब वाढतो व डोळ्यामागची नस सुकू लागते. हाच काचबिंदू. बहुधा तो दुखत नाही. आधी कडेची नजर जाते, म्हणून ध्यानात येत नाही. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली राखता येते.

पहिला उपाय औषधाचे थेंब किंवा लेसर. आता लहान छेदाची शस्त्रक्रियाही आहे. जाळीत सुमारे १ मिलिमीटर लांबीची टायटॅनियमची नळी बसवतात. अशा नळीला अमेरिकेत २०१२ साली मान्यता मिळाली. मोतीबिंदू काढतानाच हे काम होते आणि जखम लवकर भरते. मात्र दाब बेताचाच उतरतो. त्यामुळे ती सुरुवातीच्या काचबिंदूला उपयोगी. बळावलेल्याला बहुधा मोठीच शस्त्रक्रिया लागते.

म्हणून चाळिशीनंतर, विशेषतः आईवडील वा भावंडांना काचबिंदू असल्यास, डोळ्यांचा दाब आणि नस तपासून घ्या. चालू थेंब आपल्या मनाने बंद करू नका.